कडब्यातली साखर सुटते कशी?

ज्वारीचं एक ताट डोळ्यांपुढे आणा. वरच्या कणसातले दाणे दळले की त्यांची भाकरी होते. भाकरीचा घास सावकाश चावत राहिलं तर तो गोडसर लागू लागतो, कारण लाळ त्यातल्या पिठाची तोंडातच साखर करायला घेते. खालचा धांडा वाळला की त्याचा कडबा होतो आणि गोठ्यात जातो. माणूस कितीही उपाशी असला तरी कडब्यावर जगू शकत नाही. तरीही पिठातला मुख्य पदार्थ आणि कडब्यातला मुख्य पदार्थ हे दोन्ही एकाच साखरेचे बनलेले आहेत. ती साखर म्हणजे ग्लुकोज. दवाखान्यात शिरेतून चढवतात तेच ग्लुकोज.

मग एकाच ताटाची वरची साखर सहज सुटते आणि खालची का सुटत नाही? याचं उत्तर हाती आलं, तर शेतात पेटवला जाणारा पेंढा, पाचट, पऱ्हाट्या यांच्यापासून गाडीत घालायचं इंधन करता येतं. उत्तर बरंचसं मिळालेलं आहे. त्यावर कारखाने उभे राहिले, त्यातले काही बंदही पडले. या साऱ्या खटाटोपात सर्वांत कमी चर्चा होते ती पूर्वप्रक्रियेची, म्हणजे साखर काढण्याआधी काडीला रसायनांनी सैल करण्याची. माझ्या मते कारखाना तरेल की बुडेल हे याच पायरीवर ठरतं, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा तिला दिली आहे.

जोड फिरला की सगळं फिरतं

दाण्यातला पिठूळ पदार्थ म्हणजे स्टार्च. त्यात ग्लुकोजचे कण एकापुढे एक, सगळे एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात. अशी साखळी आपोआप वळत जाते, सैल राहते आणि तिच्यात पाणी शिरतं. म्हणून तांदूळ वीस मिनिटांत मऊ शिजतो आणि लाळेतलं एन्झाइम त्यावर लगेच काम करू शकतं. एन्झाइम म्हणजे सजीवांनी बनवलेलं एक प्रथिन. ते एखादी ठरावीक रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणतं.

कडब्यातल्या सेल्युलोजमध्येही ग्लुकोजच असतं. फरक एवढाच, की त्यातला प्रत्येक पुढचा कण मागच्याच्या तुलनेत उलटा फिरवून जोडलेला असतो. एवढ्या बदलाने साखळी वळायची थांबते आणि सरळ ताठ होते. हजारो ग्लुकोजच्या अशा सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात आणि त्यांचा घट्ट धागा तयार होतो. या धाग्याच्या आत पाणीही शिरत नाही, मग एन्झाइम कुठून शिरणार? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सुती सदरा शंभर वेळा गरम पाण्यात धुतला तरी विरघळत नाही, तो यामुळेच.

या कोड्याच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने उजेडात आणल्या, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायां यांनी १८३३ मध्ये पेर्सो या सहकाऱ्याबरोबर मोड आलेल्या धान्यातून स्टार्च तोडणारा पदार्थ वेगळा केला. त्याला त्यांनी डायास्टेज म्हटलं. पुढे १८३८ मध्ये त्यांनीच वनस्पतींच्या पेशींच्या भिंतीतला सेल्युलोज ओळखला.

सेल्युलोजमधून साखर निघू शकते हे तर त्याही आधी कळलं होतं. १८१९ मध्ये आंरी ब्राकोनो या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाने जुनी कापडं आणि झाडाची साल तीव्र गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक आम्लात, भिजवून त्यांपासून साखर मिळवून दाखवली. या प्रयोगाला दोनशे वर्षं उलटून गेली. एवढं आम्ल विकत घ्यायचं, साखरेपासून वेगळं करायचं आणि पुन्हा वापरायचं, हा खर्च मात्र पुढे सगळ्यांनाच जड गेला. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या काळात अमेरिकेत आणि जर्मनीत लाकडाच्या भुशापासून अल्कोहोल काढणारे कारखाने चालले. शांतता आली आणि पेट्रोल स्वस्त झालं, तसे ते मागे पडले.

कुडाची भिंत

काडीत सेल्युलोज एकटा नसतो. कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांवर तुम्ही कुडाची भिंत पाहिली असेल. कारवीच्या काठ्या उभ्या लावतात, आडव्या कामट्यांनी त्या जागच्या जागी आवळून बांधतात आणि वरून शेणमातीचं लिंपण देतात. काडीची भिंत अगदी तशी असते. सेल्युलोजचे ताठ धागे म्हणजे उभ्या कारव्या. त्यांना बांधून ठेवणाऱ्या कामट्या म्हणजे हेमिसेल्युलोज. हीसुद्धा साखरेचीच साखळी आहे, पण आखूड, फाटे फुटलेली आणि बहुतांशी झायलोज नावाच्या वेगळ्या साखरेची. सगळ्यावरचं लिंपण म्हणजे लिग्निन. ते साखरेचं नसतं. कठीण आणि पाणी झटकून टाकणाऱ्या या पदार्थामुळेच झाड उभं राहतं, पावसात कुजत नाही आणि किडीला पुरून उरतं.

वाळलेल्या उसाच्या चिपाडात ढोबळमानाने ४० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २० टक्क्यांच्या आसपास लिग्निन असतं. भाताच्या पेंढ्यात लिग्निन थोडं कमी असतं, पण सिलिका भरपूर असते. सिलिका म्हणजे वाळूतलाच पदार्थ. ती यंत्रं झिजवते आणि बॉयलरमध्ये त्रास देते.

आपल्याला हव्यात त्या कारव्या. शक्य तर कामट्याही हव्यात, कारण त्यांतही साखर आहे. लिंपण मात्र बाजूला सारायचं आहे, निदान त्याला भेगा तरी पाडायच्या आहेत. पूर्वप्रक्रियेचं काम नेमकं एवढंच. अडचण अशी, की भिंत पाडताना फार जोर लावला तर कारव्याच मोडतात.

गोठ्यात चालणारी पूर्वप्रक्रिया

हे तंत्र फक्त कारखान्यातलं आहे असं कुणी समजू नये. दुधाचा व्यवसाय करणारे कित्येक शेतकरी ते आपल्या अंगणात करतात. १०० किलो वाळल्या पेंढ्यासाठी ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात विरघळवायचा, थराथराने शिंपडायचा, पेंढा दाबून प्लास्टिकने घट्ट झाकायचा आणि २१ दिवस तसाच ठेवायचा. झाकण काढलं की नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो. तो अमोनियाचा. युरियापासून तयार झालेला हा अमोनिया तीन आठवडे पेंढ्यात मुरत राहतो आणि लिंपण व कामट्या यांच्यामधले काही रासायनिक जोड सोडवतो. पेंढा पिवळसर तपकिरी होतो, मऊ पडतो आणि जनावराला तो अधिक पचतो.

गाय कडबा पचवते ती स्वतःच्या जोरावर नव्हे. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडतात. त्यांनाही लिग्निन भेदता येत नाही, म्हणून बराचसा पेंढा शेणातून तसाच बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चाऱ्याची टंचाई झाली, तेव्हा एर्न्स्ट बेकमान या रसायनशास्त्रज्ञाने पेंढा सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवून आणि मग भरपूर पाण्याने धुऊन जनावरांना घालण्याची पद्धत बसवली. आजच्या इथेनॉल कारखान्यातली अल्कलीची पूर्वप्रक्रिया आणि बेकमानचा चारा यांचं मूळ तत्त्व एकच आहे.

आम्ल, अल्कली, वाफ

कारखान्याला २१ दिवस थांबणं परवडत नाही. त्याला हेच काम काही मिनिटांत करायचं असतं. त्यासाठीचे मार्ग पुष्कळ आहेत, पण मुख्य विचार दोनच. एक तर कामट्या तोडायच्या, नाही तर लिंपण उतरवायचं.

कामट्या तोडायला आम्ल वापरतात. काडी बारीक करून साधारण एक टक्क्याच्या सल्फ्युरिक आम्लात भिजवतात आणि दाबाखाली १६० ते १९० अंश सेल्सियसपर्यंत काही मिनिटं तापवतात. हेमिसेल्युलोज तुटून त्यातलं झायलोज पाण्यात उतरतं. लिग्निन उष्णतेने मऊ होतं, जागचं हलतं आणि थंड झाल्यावर बारीक थेंबांच्या रूपात पुन्हा काडीवर बसतं. म्हणजे लिंपण निघून जात नाही, नुसतं गोळा होतं. तरीही मधे भोकं पडतात आणि एन्झाइमला वाट मिळते.

मात्र वेळ किंवा तापमान जरा वाढलं की सुटलेली साखरच बिघडू लागते. झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि फुरफुराल नावाचा पदार्थ होतो. ग्लुकोजपासूनही त्याच्यासारखाच एक पदार्थ तयार होतो. हेमिसेल्युलोजला चिकटलेले गट सुटून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, बाहेर पडतं. हे तिन्ही पदार्थ पुढच्या पायरीतल्या यीस्टला घातक असतात. एकीकडे साखर कमी होते, दुसरीकडे उरलेल्या साखरेत यीस्ट नीट वाढत नाही, असा दुहेरी तोटा होतो. तापमान कमी ठेवलं तर भिंत पुरेशी सैल होत नाही. या दोन कड्यांमधली वाट फार अरुंद आहे आणि ती प्रत्येक कच्च्या मालासाठी वेगळी असते. भाताच्या पेंढ्यासाठी बसवलेलं गणित पऱ्हाट्यांना लागू पडत नाही.

लिंपण उतरवायला अल्कली लागते. गवताच्या कुळातल्या पिकांत, म्हणजे भात, गहू, ऊस, ज्वारी, मका यांत, लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांच्यामध्ये एस्टर प्रकारचे जोड बरेच असतात. सौम्य कॉस्टिक सोडा ते जोड शंभर अंशांच्या आसपासही तोडतो आणि लिग्निन विरघळून काळ्या पाण्यात उतरतं. साखर फारशी बिघडत नाही, हा याचा मोठा फायदा. लाकडाचा लगदा करताना कागद कारखाने हेच काम अधिक कडकपणे करतात. पण सोडा महाग आहे. तो परत मिळवायची सोय नसेल तर काळ्या पाण्याची विल्हेवाट लावताना कारखान्याचं कंबरडं मोडतं. भाताच्या पेंढ्यातली सिलिकाही या सोड्यात विरघळते आणि तो परत मिळवणं आणखी अवघड करून ठेवते.

तिसरा मार्ग वाफेचा. १८० ते २१० अंशांच्या दाबाखालच्या वाफेत काडी काही मिनिटं ठेवायची आणि झडप एकदम उघडायची. आत मुरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि काडी आतून फुटते. गंमत म्हणजे इथे बाहेरून आम्ल घातलं नाही तरी चालतं, कारण काडीतूनच सुटलेलं ॲसिटिक आम्ल ते काम करतं. अनेक कारखाने थोडं आम्ल आणि वाफ यांची जोडी वापरतात. अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठातल्या ब्रूस डेल यांनी द्रवरूप अमोनिया दाबाखाली काडीत मुरवून एकदम सोडण्याची रीत विकसित केली. तत्त्व युरियाच्या पेंढ्याचंच, पण वेळ मिनिटांचा आणि अमोनियाचा बराचसा भाग परत मिळणारा.

चौकट : काडी ते इथेनॉल
काडी झटकून, माती-खडे काढून बारीक करतात.
पूर्वप्रक्रिया : आम्ल, अल्कली, वाफ किंवा अमोनिया वापरून काडीची भिंत सैल करतात.
एन्झाइम : सुमारे ५० अंश तापमानाला दोन ते तीन दिवसांत सेल्युलोजचं ग्लुकोज होतं.
आंबवणं : यीस्ट साखरेचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. १ किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल मिळू शकतं.
ऊर्ध्वपातन : तापवून, वाफ थंड करून इथेनॉल वेगळं काढतात.
उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळवतात.

तंबू खाणारी बुरशी

भिंत सैल झाल्यावर कारव्यांचे तुकडे करायला एन्झाइम लागतं. ते आपल्याला एका बुरशीने दिलं. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे झपाट्याने कुजत होते. कारण शोधताना एक हिरवी बुरशी सापडली. ती सेल्युलोज तोडणारी एन्झाइमं भरपूर प्रमाणात बाहेर टाकत होती. एल्विन रीस यांनी या कुजण्यामागच्या एन्झाइमांचा आयुष्यभर अभ्यास केला. पुढे त्यांच्याच नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळालं. आज जगभरचे कारखाने वापरतात ती बरीचशी सेल्युलोज-तोडी एन्झाइमं याच बुरशीच्या सुधारित वाणांपासून येतात. आपल्या शेतकऱ्यांना ट्रायकोडर्मा हे नाव बीजप्रक्रियेमुळे ओळखीचं आहे. ती याच कुळातली दुसरी जात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही १९८०च्या दशकात पेनिसिलियम बुरशीच्या अशाच एन्झाइमांवर चांगलं काम झालं.

या कामात तीन प्रकारची एन्झाइमं वाटेकरी असतात. एक साखळीला मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या काढत जातं आणि तिसरं त्या जोड्या फोडतं. एन्झाइम महाग असतं. पूर्वप्रक्रिया कच्ची राहिली तर ते दुप्पट-तिप्पट घालावं लागतं आणि त्यातलं बरंचसं लिग्निनला चिकटून वाया जातं. पहिल्या पायरीवरची काटकसर अशी दुसऱ्या पायरीवर महागात पडते.

हत्तीच्या लिदीतलं जनुक

कामट्यांमधल्या झायलोजचं काय करायचं हा प्रश्न बरीच वर्षं छळत होता. पाव फुगवणारं आणि दारू आंबवणारं नेहमीचं यीस्ट ग्लुकोज आवडीने खातं, झायलोजला तोंड लावत नाही. म्हणजे काडीतली जवळजवळ एक तृतीयांश साखर वाया. उत्तर मिळालं ते भारतीय हत्तीच्या लिदीतून वेगळ्या केलेल्या पायरोमायसिस नावाच्या बुरशीत. झायलोजचं रूप बदलणारं तिचं एक जनुक डच संशोधकांनी २००३ च्या सुमाराला यीस्टमध्ये बसवलं आणि यीस्ट झायलोजवरही काम करू लागलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी वेगळी जनुकं वापरून याच दिशेने त्याआधीच मजल मारली होती.

पानिपतपर्यंतचा रस्ता

आपल्याकडे या तंत्राचं मोठं काम महाराष्ट्रात झालं. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या, म्हणजे जुन्या यूडीसीटीतल्या, जैवऊर्जा केंद्राने प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची पद्धत बसवली. तिचा दिवसाला १० टन काडी घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उत्तराखंडात काशीपूरला २०१६ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने आपलं तंत्र पुढे नेलं आणि त्यावर इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना उभा राहिला. ९०० कोटींहून अधिक खर्चाच्या या कारखान्याचं लोकार्पण १० ऑगस्ट २०२२ रोजी झालं. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे. आसाममध्ये नुमालीगढला बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं.

पानिपतच्या आकड्यांवरून टनामागे १५० लिटर असा हिशेब निघतो. कोरड्या पेंढ्यातली सगळी साखर सुटली आणि त्या सगळ्या साखरेचं इथेनॉल झालं, तर कागदावर हा आकडा ४०० लिटरच्या आसपास जातो. मधल्या तफावतीत पेंढ्यातला ओलावा आहे, माती आहे, न सुटलेली साखर आहे आणि बिघडलेली साखरही आहे. संशोधकांना अजून केवढं काम बाकी आहे ते या तफावतीवरून दिसतं.

कारखाने कुठे अडले

अमेरिकेत ड्यूपाँटने आयोवा राज्यात नेवाडा इथे २०१५ मध्ये मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा मोठा कारखाना उघडला आणि दोन वर्षांत बंद केला. इटलीतला क्रेशेंतिनोचा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला, तोही २०१७ मध्ये थांबला. आयोवातल्याच एमेट्सबर्गच्या पोएट-डीएसएम कारखान्याने पूर्वप्रक्रियेतच आपलं घोडं अडलं होतं आणि आता तोडगा मिळाला आहे, असं २०१७ मध्ये जाहीर केलं. दोन वर्षांनी तिथलंही इथेनॉल उत्पादन थांबलं. प्रयोगशाळेत निवडलेली, धुतलेली, बारीक केलेली काडी वापरतात. कारखान्यात येणाऱ्या गासडीत माती, खडे, सुतळी, ओल आणि बुरशी असते. पंपात आणि दाबाच्या भांड्यात ती अडकते, यंत्राचं पोलाद झिजवते. खनिज तेलाचे भाव कोसळले की उरलासुरला नफाही जातो.

ब्राझीलमध्ये पिरासिकाबा इथे रायझेन कंपनीचा चिपाडावर चालणारा कारखाना मात्र बरीच वर्षं चालला. त्याचं एक मोठं कारण साधं आहे. साखर कारखान्याच्या आवारात चिपाड आधीच येऊन पडलेलं असतं. ते गोळा करायला गावोगाव फिरावं लागत नाही.

महाराष्ट्रात कशाला हात लावावा

म्हणून आपल्याकडे पहिली नजर चिपाडावर जाते. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के ओलं चिपाड निघतं आणि त्यातलं निम्मं पाणी असतं. पण हे चिपाड रिकामं पडून नाही. कारखान्यांचे बॉयलर त्यावर चालतात, सहवीजनिर्मिती त्यावर होते. बॉयलर सुधारून जे शिल्लक राहील तेवढंच इथेनॉलकडे वळवणं शहाणपणाचं.

कडब्याला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुष्काळी तालुक्यांत कडबा हे जनावरांचं अन्न आहे. कारखान्याने भाव वाढवला तर पहिला फटका छोट्या पशुपालकाला बसेल.

विदर्भ-मराठवाड्यातल्या पऱ्हाट्या हा मला सर्वांत योग्य कच्चा माल वाटतो. जनावर त्या खात नाही. गुलाबी बोंडअळीचा पुढच्या हंगामातला प्रादुर्भाव टाळायचा तर कृषी विभागही त्या शेतातून काढून टाकायला सांगतो. म्हणजे उपटण्याचं काम तसंही करायचंच असतं. अडचण रसायनाची आहे. पऱ्हाटी लाकडासारखी कठीण असते, तिच्यात लिग्निन जास्त असतं आणि गवतवर्गीय पिकांत सहज तुटणारे एस्टर जोड तिच्यात कमी असतात. पेंढ्यासाठी बसवलेल्या पूर्वप्रक्रियेने तिचं काम भागणार नाही. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांनी पऱ्हाटीसाठी स्वतंत्र पूर्वप्रक्रिया बसवायला हवी आणि सरकारने त्या संशोधनाला आधी पैसा द्यायला हवा, कारखान्याच्या कोनशिला नंतर बसवाव्यात.

राहिलं पाचट. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं आणि पुष्कळ ठिकाणी तोडणी झाली की त्याला काडी लावली जाते. त्यातला काही भाग उद्या कारखान्याला जाईलही, पण सगळा जाऊ नये. आपल्या जमिनींतला सेंद्रिय कर्ब आधीच घसरलेला आहे. तो भरून काढायला पाचटासारखं फुकट आणि शेतातच उपलब्ध असलेलं दुसरं साधन नाही. ऊस उत्पादकांनी पाचट पेटवू नये. कुट्टी करून सरीत पसरावं, दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावं.